परत करायचा मान



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा आणि सरकारी पदकांचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. जुनी नाणी, जुनी मानचिन्हं जमवणारी मंडळी मुंबईत पुष्कळ आहेत आणि वस्तूंची त्यांची जाण माझ्याहून दांडगी असते. मी संग्राहक नाही. मला रस आहे तो एका साध्या प्रश्नात. मान दिला, असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय दिलेलं असतं? आणि दिल्यानंतर तो मान कोणाचा, देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा?

हा प्रश्न आपल्या मुंबईत अक्षरशः रस्त्यावर पडलेला आहे. अंधेरीत उतरलात की 'सर एम. व्ही. रोड'. दक्षिणेला गेलात की 'सर जे. जे.' आणि 'सर फिरोजशहा मेहता रोड'. इंग्रज गेले, 'सर' राहिले. आपण इतक्या सवयीने म्हणतो की तो मुळात कोणी कोणाला दिलेला किताब होता हे विसरतो. यात एक फरक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. जमशेटजी जीजीभाईंना १८४२ साली सर ही पदवी मिळाली आणि १८५७ साली बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. आपले रँग्लर परांजपे १९४२ साली सर झाले, आणि पुढे १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते. ही वैयक्तिक पदवी. तिसरा प्रकार म्हणजे 'ऑर्डर'. ऑर्डर म्हणजे नुसतं पदक नव्हे. ते एक मंडळ असतं. त्याचा प्रमुख राजा, त्याचे नियम, त्याचे वर्ग, त्याचा झगा, त्याची फीत. पदक हे त्या मंडळात घेतल्याची खूण. आज बोलायचंय ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

१८५७ नंतर कंपनीचं राज्य संपलं आणि राणीचं सुरू झालं. २५ जून १८६१ रोजी 'स्टार ऑफ इंडिया' ही ऑर्डर स्थापन झाली. पहिल्या सभासदांत आपले मराठी राजे होते: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, बडोद्याचे खंडेराव गायकवाड, इंदूरचे तुकोजीराव होळकर. १८६६ साली तिचे तीन वर्ग केले. वर जी.सी.एस.आय., मधे के.सी.एस.आय., खाली सी.एस.आय. मुत्सद्दी, दिवाण, मोठे अधिकारी हे बहुधा मधल्या किंवा खालच्या वर्गात.

चिन्ह कसं होतं बघा. गोमेदात कोरलेली राणी व्हिक्टोरियाची लंबगोल प्रतिमा, भोवती हिऱ्यांत बसवलेलं ब्रीद, वर पाच टोकांचा तारा. फीत फिकट निळी, कडेला पांढरी. ब्रीदाचा अर्थ, स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक. क्रूस नाही, संत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. खुद्द इंग्रज वकिलातीतल्या लोकांना जी ऑर्डर मिळते ती सेंट मायकेल आणि सेंट जॉर्ज यांच्या नावाची, १८१८ साली स्थापन झालेली. तिच्या चिन्हावर देवदूत मायकेल सैतानाला पायाखाली तुडवतो आहे. २०२० साली, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर, लोकांचं या चित्राकडे नव्याने लक्ष गेलं. गोरा देवदूत, खाली काळसर माणूस, मानेजवळ पाय. ते बदला म्हणून मागणी झाली. म्हणजे दोनशे वर्षं लोक ते छातीवर मिरवत होते आणि त्यात काय आहे ते पाहतच नव्हते. हिंदुस्थानसाठी ऑर्डर काढताना मात्र इंग्रजांनी ही चूक टाळली. धर्म मधे येऊ दिला नाही. असं त्यांना वाटलं!

कारण पहिला आक्षेप लगेच आला, हैदराबादहून. निजामाच्या वतीने दिवाण सालारजंग यांनी हरकती घेतल्या. एक, असला मखमली झगा आमच्याकडे कोणी घालत नाही. दोन, मुसलमानाने सजीवाची प्रतिमा अंगावर बाळगायची कशी? आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑर्डरचा नियम होता की सभासद वारला की वारसांनी मानचिन्ह परत करायचं. तसा लेखी करार करून द्यायचा. हे काय? मान दिला आणि वर तो परत करण्याची हमी लिहून घेतली?

इंग्रज अधिकाऱ्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यांच्या देशात जुन्या ऑर्डरींची चिन्हं परत जात असत. मंडळाचा सभासद गेला, त्याची जागा रिकामी झाली, चिन्ह पुढच्याला. क्लबातली खुर्ची जशी. पण आपल्याकडे मानाचं व्याकरण वेगळं होतं.

ते कसं, हे जरा थांबून पाहू. दरबारी मान म्हणजे खिलत, आपल्या मराठीत वस्त्रं. पेशवाईची वस्त्रं, दिवाणगिरीची वस्त्रं. वस्त्र राजाच्या अंगाशी जोडलेलं. ते घेणारा जणू राजाच्या देहाचा भाग होतो, त्याच्या राज्यात सामावला जातो. उलट दिशेने घेणारा नजर करतो. १७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक पदाचं फर्मान आणि खिलत घेऊन पुण्याला आले, तेव्हा गारपिरावर केवढा समारंभ झाला! नाना फडणिसांना ते सगळं प्रकरण आवडलं नव्हतं. बादशहा दुबळा होता आणि महादजींच्याच आधारावर उभा होता, हे सर्वांना माहीत होतं. तरी सवाई माधवरावांनी ती वस्त्रं रीतीप्रमाणे स्वीकारली. आणि गंमत बघा, पदाचं नाव काय? वकील. म्हणजे मालकाच्या वतीने बोलणारा, मुत्सद्दी. ती वस्त्रं नंतर जामदारखान्यात गेली असतील, जीर्ण झाली असतील, पण 'परत पाठवा' असं दिल्लीहून कोणी कळवणं ही कल्पनाच शक्य नव्हती. दिलेली खिलत घराण्याची होते.

गावपातळीवर तर मान हे वतनच. पोळ्याला पाटलाचा बैल पुढे, होळीचा मान अमक्याचा, विडा आधी कोणाला, टिळा आधी कोणाला. हे हक्क कागदावर लिहिलेले असत, बापाकडून मुलाकडे जात, त्यांवरून गोतसभेपुढे तंटे चालत. एवढंच काय, ते विकलेही जात. निम्मी पाटीलकी विकली की खरेदीपत्रात मानपानाची वाटणी तपशीलवार: हा मान थोरल्या तक्षिमेचा, तो धाकट्या. म्हणून आज कोणी म्हणालं की पूर्वजांचं पदक लिलावात विकणं म्हणजे मान विकणं, शिव शिव, तर मी म्हणतो, आपले पूर्वज मान रीतसर विकत होते आणि त्यात त्यांना पाप वाटत नव्हतं. विकता येतो, कारण तो आपला असतो. उसना आणलेला माल विकता येत नाही.

तेव्हा फरक नीट धरू. खिलत हे दान. वतनाचा मान ही मालमत्ता. आणि ऑर्डरचा तारा ही ठेव, तीही दुसऱ्याची, आपल्या गळ्यात तहहयात सांभाळायला दिलेली. मार्सेल मॉस या फ्रेंच विचारवंताने १९२५ च्या सुमारास दानावर प्रसिद्ध निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परतफेड ही तिन्ही कर्तव्यं दानात गुंतलेली असतात, असं तो दाखवतो. पण परतफेड म्हणजे तीच वस्तू परत करणं नव्हे. तीच वस्तू परत करायची असेल तर ते दान नसून उसनवारी असते.

आता टीकेकडे वळतो. या विषयावर दोन वाचनं प्रसिद्ध आहेत. पहिलं बर्नार्ड कोन यांचं. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेल्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या १९८३ च्या ग्रंथात त्यांचा व्हिक्टोरियाकालीन हिंदुस्थानातल्या सत्तेच्या प्रदर्शनावर लेख आहे. सालारजंगांच्या हरकतींचं प्रकरण त्यात येतं. कोन यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजांनी सामावून घेणारी दरबारी रीत मोडली आणि तिच्या जागी दर्जा ठरवणारी, क्रम लावणारी, सरकारी रीत आणली. राजा होता त्याचा सरदार झाला. हे वाचन मला मोलाचं वाटतं. त्याच्याशिवाय मघाचा फरक मला दिसलाच नसता.

दुसरं वाचन डेव्हिड कॅनडाइन यांचं, 'ऑर्नामेंटलिझम', २००१. त्यांचं म्हणणं उलट टोकाचं. साम्राज्य नुसतं वंशभेदावर चाललं नाही, दर्जाच्या समान आवडीवरही चाललं. लंडनच्या लॉर्डाला आणि ग्वाल्हेरच्या महाराजाला उच्चनीचतेची एकच भाषा कळत होती, आणि पदकं ही त्या भाषेची लिपी. यातही तथ्य आहे. आपल्या संस्थानिकांनी ही पदकं हौसेने घातली, जास्त तोफांच्या सलामीसाठी अर्ज केले, हे नाकारून चालणार नाही.

पण दोघांचीही एक उणीव आहे, आणि ती तीच आहे. दोघंही देणाऱ्याच्या बाजूला उभं राहून बघतात. एकाला दिसतं की देणाऱ्याने घेणाऱ्याला बांधून टाकलं. दुसऱ्याला दिसतं की देणाऱ्याने घेणाऱ्याला आपल्या पंक्तीला बसवलं. तारा गळ्यात पडल्यानंतर त्या माणसाने पुढे काय केलं? समारंभ संपला की या दोन्ही वाचनांत घेणारा जवळपास दिसेनासा होतो.

म्हणून मी तुमच्यापुढे एक माणूस ठेवतो. सर दिनकरराव राजवाडे. जन्म १८१९, रत्नागिरी जिल्ह्यातला. पंधराव्या वर्षी ग्वाल्हेरच्या चाकरीत. पुढे जयाजीराव शिंद्यांचे दिवाण. विस्कटलेला वसूल आणि पोलीस खातं मार्गी लावलं, खर्च कमी करताना पगार कापले ते स्वतःच्या पगारासकट. इंग्रजी शिकायला लागले ते चाळिशीत, आणि ते अस्खलित बोलणं त्यांना कधी जमलं नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी इंग्रजांची बाजू धरली. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, झाशीची राणी, रावसाहेब ग्वाल्हेरवर आले, दरबारची फौज फिरली, आणि जयाजीराव नि दिनकरराव आग्र्याला निघून गेले. १८६२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात जे पहिले हिंदी सभासद नेमले त्यांत ते होते. १८६६ साली के.सी.एस.आय.

इथपर्यंतची हकिगत ऐकली की आपल्यातले निम्मे लोक म्हणतात 'केवढा थोर मुत्सद्दी', आणि निम्मे म्हणतात 'फितूर'. दोघांच्याही मते पदकाने त्या माणसाबद्दल शेवटचं सांगून टाकलेलं असतं. म्हणजे दोघंही पुन्हा देणाऱ्याचाच निकाल वाचतात, एक डोक्यावर घेऊन आणि एक तुच्छतेने.

पण गोष्ट १८६६ ला संपत नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याला सरबतातून विष देण्याचा प्रयत्न झाला, असा आरोप झाला. संशय मल्हारराव गायकवाडांवर. व्हाइसरॉयने चौकशी आयोग नेमला. सहा सभासद. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, शिवाय दोन इंग्रज अधिकारी. तीन हिंदी: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, आणि सर दिनकरराव. या तिघांच्याही गळ्यात स्टार ऑफ इंडिया होता. निवड उघडच विचारपूर्वक केलेली. आपले मानकरी आहेत, त्यांच्या तोंडून निकाल आला तर हिंदी लोक मानतील.

निकाल काय आला? तीन-तीन. इंग्रज तिघांनी मल्हाररावांना दोषी धरलं. हिंदी तिघांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असं मानलं नाही.

सरकारने पुढे जे करायचं ते केलंच. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं, कारण दिलं ते कारभाराच्या अनागोंदीचं. त्यांची रवानगी मद्रासला झाली. म्हणजे दिनकररावांच्या मताने मल्हारराव वाचले नाहीत. मत फुकट गेलं का?

इथे एक शंका कोणीही काढेल आणि ती काढायलाच हवी. दोन राजे आणि एक दिवाण, दुसऱ्या राजाला वाचवत होते. ही न्यायबुद्धी कसली, हा आपल्या वर्गाचा कैवार! असेलही. जयाजीरावांच्या बाबतीत ही शंका मी सहज उडवून लावणार नाही. माणसाच्या हेतूचा तळ आपल्याला दिसत नाही. पण दिनकररावांची जागा बघा. ते राजे नव्हते. त्यांना जे मिळालं होतं त्यातलं पुष्कळसं ज्या सरकारकडून मिळालं होतं, त्याला काय ऐकायचंय हे त्यांच्यासारख्या मुत्सद्द्याला कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्या हयातभराच्या कामाचा अपमान आहे. पुरावा पुरेसा वाटला नाही, तसं त्यांनी नोंदवलं. कोन यांच्या हिशेबात हे बसत नाही, कारण बांधलेला माणूस असं वागत नाही. कॅनडाइन यांच्याही हिशेबात बसत नाही, कारण पंक्तीतला माणूस पंक्तीतून असा उठत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक मुद्दा मांडला आहे. मान हे जीवनाचं अंतिम श्रेय होऊ शकत नाही. का? कारण मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो, आणि खरं श्रेय असं असावं की जे आपलं असेल आणि सहजासहजी काढून घेता येणार नाही. पुढे तो म्हणतो, लोक मान शोधतात तो आपण चांगले आहोत याची खात्री पटावी म्हणून. म्हणजे मूळ गोष्ट चांगुलपणा, मान तिची पावती. या कसोटीवर स्टार ऑफ इंडिया हा अ‍ॅरिस्टॉटलच्या मुद्द्याचं जवळजवळ सचित्र उदाहरण आहे. जो मान वारसांना परत करावा लागतो, तो कोणाचा हे त्याच्या करारातच लिहिलेलं आहे. दिनकररावांचं जे स्वतःचं होतं ते १८७५ च्या त्या मतात होतं. ते परत करायची सोय कोणत्याच नियमात नव्हती.

मराठीत 'मान' शब्दाची दोन लिंगं आहेत. तो मान आणि ती मान. के.सी.एस.आय.चं चिन्ह फितीने गळ्यातच घालत. तो मान घेताना ती मान वाकवावी लागते, याला इलाज नाही. नंतर ती पुन्हा सरळ होते की नाही, एवढाच प्रश्न.

दोन उदाहरणं थोडक्यात देतो, म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही. रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत केलं, तेव्हा त्यांचे वकील म्हणून हे लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडले. एवढा चिवट मराठी मुत्सद्दी त्या शतकात दुसरा दाखवणं कठीण. यश आलं नाही. १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा झालं. १८५७ मध्ये रंगो बापूजी बेपत्ता झाले, त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली. त्यांच्या नावाचं कोणतंही पदक कधी लिलावात येणार नाही, कारण ते कधी घडलंच नाही. दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. १९०४ साली त्यांनी सी.आय.ई. घेतली. १९१४ साली के.सी.आय.ई. देऊ केली ती नाकारली. म्हणजे एकाच माणसाने एकदा हो म्हटलं आणि एकदा नाही. आपण 'नाही' लक्षात ठेवतो आणि 'हो' झाकून ठेवतो. तसं करू नये. ज्याला हो म्हणता येतं त्याच्याच नाही म्हणण्याला वजन असतं.

आता संग्राहकांविषयी. परत करायचे म्हणून नियम असले तरी ऑर्डरींची चिन्हं आज लिलावांत येतात. या बाजाराने मला एक गोष्ट शिकवली. ब्रिटिश ऑर्डरींच्या चिन्हांवर सहसा धारकाचं नाव कोरलेलं नसतं. उलट साध्या शिपायाला मोहिमेबद्दल मिळालेल्या पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, नाव, पलटण हे पुष्कळदा कोरलेलं असतं. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या कुणा शिपायाचं चांदीचं पदक दीडशे वर्षांनी हातात आलं तरी तो कोण ते सांगतं. आणि दिवाणसाहेबांचा हिऱ्यांचा तारा? तो मुका. तो कोणाचा हे सोबतची सनद, पत्रं, फोटो यांवरून ठरतं. कागद हरवले की उरतं ते फक्त सोनं, हिरे आणि राणीचा चेहरा. म्हणजे पुन्हा देणाराच उरतो!

म्हणून माझी संग्राहकांना, आणि ज्यांच्या घरात अशी वस्तू असेल त्या कुटुंबांना, एकच विनंती आहे. वस्तू ठेवा की विका, तो तुमचा प्रश्न. पण कागद वेगळे करू नका. आणि कागद म्हणजे नुसती सनद नव्हे. सनद देणाऱ्याचं म्हणणं सांगते. त्या माणसाची टिपणं, हिशेब, नोंदवलेलं विरोधी मत, राजीनामा, हे जोडा. दिनकररावांच्या ताऱ्याशेजारी बडोदा आयोगातलं त्यांचं मत ठेवलं तर तो तारा काही सांगू लागेल. एरवी ते शोभेचं काचसामान.

शेवटचा मुद्दा आपल्या आजच्या राज्याचा. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. लष्करी आणि विद्येचे सन्मान तेवढे राखले. भारतीय नागरिकाला परदेशी राज्याकडून किताब घेता येत नाही. १९५४ पासून भारतरत्न आणि पद्म सन्मान सुरू झाले, १९७७ साली थांबले, १९८० साली परत आले. हे किताबच नव्हेत का, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे किताब नाहीत, पण नावाच्या आगेमागे लावायचे नाहीत. आणि आपण काय करतो? नाक्यावरचा फ्लेक्स बघा. सत्काराची निमंत्रणपत्रिका बघा. 'पद्मश्री' अमुक. कायद्याने 'सर' घालवला आणि आपण तो दुसऱ्या दाराने आत घेतला.

हे नुसतं हौसेचं लक्षण असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण नावाला चिकटलेला मान हळूहळू नावाची जागा घेतो, आणि मग त्या माणसाला मत नोंदवणं जड जातं. सरकार कोणाचंही असो, देणाऱ्याला हेच हवं असतं. तेव्हा पुढच्या वेळी कोणाच्या सत्काराला गेलात तर एवढं मनाशी विचारा: हा मान मिळाल्यावर या माणसाने देणाऱ्याच्या मनाविरुद्ध काही म्हटलंय का? कधी म्हणेल का? उत्तर 'हो' आलं तर टाळ्या जोरात वाजवा. त्या मग त्याच्यासाठी असतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.